नाडा

लॉ कॉलेजपासून इंदोऱ्यापर्यंत
तो विचारत विचारत सायकलनं आला.
कॅरिअरला प्रबंध, प्रबंधावर ओला टॉवेल,
कारण मे महिना.
चिसेंगा, त्यानं नाव सांगितलं.
बाबांनी दोनदा म्हणून पाहिलं, मग वहीत लिहिलं:
चिसंगाजी, लाल कापड, सोनेरी अक्षर, साडेचार रुपये.

मी अकरा वर्षांची. खळ ढवळणं माझ्याकडं,
मैद्यात चिमूटभर मोरचूद, झुरळं लागू नयेत म्हणून.

त्याच्या देशाला स्वातंत्र्य मिळून वीस महिने झालेले
आणि संविधान दोनशे बारा पानांचं.
बाबांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांना शिवण वाचता यायची:
सोळा पानांचा एक जुज, जुजामागं जुज,
चार भोकं, मेण लावलेला दोरा.
"शंभर वर्सं हलनार नाई," ते म्हणाले.

तीन आठवड्यांत हललं.
पंतप्रधान होते ते अध्यक्ष झाले होते,
सहा पानं बदलायची होती.
बाबांनी दोरा कापला, पुन्हा शिवलं, दोनच रुपये घेतले.

पावसाळ्यानंतर देशाचं नाव बदललं.
पाठीवरची सोनेरी अक्षरं बाबांनी सुरीनं खरवडली,
तरी तिरपं धरलं की जुनं नाव दिसायचं.
आम्हाला त्याचं नवल नव्हतं.
आमचं शहर राजधानी होतं, मग एका सकाळी नव्हतं;
सचिवालयातून रद्दीत आलेल्या रजिस्टरांवर
अजून जुन्याच प्रांताचं नाव होतं,
त्यांच्या कोऱ्या पाठी माझ्या गणिताला.

ऑक्टोबरात तो पुन्हा आला. आता पक्ष एकच राहणार होता.
विरोधी पक्षाचं प्रकरण काढायचं, सत्तावीस पानं.
शिष्यवृत्ती देणाऱ्या खात्याचं पत्र होतं,
ते त्यानं उघडलं आणि लगेच घडी घातली.
"अन् हे?" बाबांनी सुटी पानं वर धरली.
"रद्दी में," तो म्हणाला, पानांकडं न बघता.
बाबांनी ती खळीच्या डब्याखाली सरकवली.

जानेवारीत आला तो पायी.
शिवू नका म्हणाला. नाडा लावा, फाइलीला असतो तसा,
पानं काढता येतील, घालता येतील.
बाबांच्या हातातली पट्टी थांबली.
"संविधान हाये का पायजमा?"

मी त्याला अर्थ सांगितला. तो हसला,
इतका हसला की पायरीवर बसला,
आणि बसल्यावर म्हणाला, "सस्पेंड हो गया. फौज."
"म्हंजे काय वं?" बाबांनी मला विचारलं.
शाळेत शिकले होते तेवढं सांगितलं: लटकवलं.
बाबांनी वर पाहिलं. दोरीवर पुठ्ठे लटकत होते,
खळ लावलेले, ओले.
"मंग वाळून राहिलं असन," ते म्हणाले.
"वाळलं का उतरवतीन."
हे मला हिंदीत सांगता आलं नाही.
त्यानं चहा घेतला, काळा नाडा स्वतःच ओवला, आणि गेला.
पुढं त्याचं काय झालं, कळलं नाही.

नऊ वर्षांनी, जूनमध्ये,
सकाळच्या बातम्यांनंतर बाबांनी रेडिओ बंद केला.
शेजारचे कवडूजी पहाटेच घरातून निघून गेले होते,
बायको सांगत होती, लग्नाला.
बाबांनी खळीचा डबा उचलला.
"वाच."

मी बीएच्या शेवटच्या वर्षाला. अडखळत मराठी करत गेले:
सरकारच्या समोर बसणारा माणूस
हा सरकारच्याच घरातला आहे...
"परत वाच."
परत वाचलं.
पुढच्या पानावर डब्याच्या बुडाचं गोल,
त्याखालच्या चार ओळी हिरव्यानिळ्या, लागत नव्हत्या.
तोवर बाबांनी दोऱ्याला मेण लावलं होतं.

सत्तावीस छापील, एक कोरं. जुनीच भोकं होती,
सुई आपोआप जात होती.
पाठीवर काय टाकायचं, मी विचारलं.
"काई नको."
गाठ मला मारायला लावली.

ती बाहेरून दिसत नाही.
बोटाला लागते.